हे वाक्य नेमकं कोणाचं? ॲरिस्टॉटलच्या 'फिजिक्स'वरची ग्रीक भाष्यं वाचताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या वहीत भाष्यकार सिम्प्लिकियसच्या नावावर, 'सिम्प्लिकियसच्या मते' असं लिहून उतरवलेली बरीच वाक्यं होती. पुढे मूळ ताडून पाहिलं, तेव्हा त्यातली निम्मी सिम्प्लिकियसची नव्हतीच. काही त्याच्या आधीचा भाष्यकार अलेक्झांडर याची होती, काही ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याची, आणि एक तर सिम्प्लिकियसनं खोडून काढण्यासाठी मांडलेलं मत होतं. ही भाष्यं वाचताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

आधी थोडी ओळख. ॲरिस्टॉटलचा 'फिजिक्स' हा ग्रंथ आठ पुस्तकांचा. त्यावर इ.स. २०० च्या सुमारास ॲफ्रोडिसियासच्या अलेक्झांडरनं भाष्य लिहिलं, चौथ्या शतकात थेमिस्टियसनं त्याचं सोप्या शब्दांत पुनर्कथन केलं, आणि सहाव्या शतकात फिलोपोनस व सिम्प्लिकियस यांनी आपापली मोठी भाष्यं रचली. अलेक्झांडरचं भाष्य हरवलं; उरलेले ग्रीक पाठ १८८२ ते १९०९ या काळात हर्मान डील्स यांच्या देखरेखीखाली बर्लिनमधून छापले गेले. इंग्रजी अनुवादांची मोठी मालिका १९८७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातले रिचर्ड सोराबजी यांनी सुरू केली. आज तिचे शंभराहून अधिक खंड आहेत. हे सोराबजी म्हणजे नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचे पुतणे. हे कळलं तेव्हा मला हे खंड एकदम जवळचे वाटू लागले.

पूर्वपक्षाला सिद्धांत समजणं

आपल्याकडे शास्त्रग्रंथ वाचणाऱ्याला 'पूर्वपक्ष' शिकवावा लागत नाही. 'असं जर कोणी म्हणेल तर...' इथून सुरू झालेलं वाक्य ग्रंथकाराचं नाही, हे त्याला ठाऊक असतं. ग्रीक भाष्यांतही नेमकं हेच चालतं, पण खुणा कमी. ग्रीकमध्ये नुसतं 'फेसी', म्हणजे 'तो म्हणतो', एवढंच येतं. 'तो' म्हणजे ॲरिस्टॉटल, अलेक्झांडर की आणखी कोणी, हे संदर्भावरून ठरवायचं. अनुवादक तिथं नाव घालतो, आणि आपल्याला वाटतं की नाव मुळातच होतं.

म्हणून चौकोनी कंस सोडून वाचू नका. या मालिकेत चौकोनी कंसातले शब्द अनुवादकानं अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून घातलेले असतात. टोकदार कंसातली भर ग्रीक पाठाच्या दुरुस्तीची असते, आणि साध्या कंसात बऱ्याचदा मूळ ग्रीक शब्द दिलेला असतो. उतारा उतरवताना कंस गाळले, तर अनुवादकाचा अंदाज तुम्ही प्राचीन लेखकाच्या तोंडी घालता.

सर्वांत बोलकं उदाहरण ॲनॅक्झिमँडर या अगदी सुरुवातीच्या ग्रीक तत्त्वज्ञाचं. त्याचं जे एकमेव वाक्य आपल्याकडे आहे असं मानतात, ते सिम्प्लिकियसच्या भाष्याच्या बर्लिन आवृत्तीत २४ व्या पानावर आहे. वस्तू जिथून उपजतात तिथेच नाश पावतात, आणि काळाच्या क्रमानुसार परस्परांच्या अन्यायाची भरपाई करतात, असा त्याचा आशय. सिम्प्लिकियस आणि ॲनॅक्झिमँडर यांच्यात हजाराहून अधिक वर्षांचं अंतर. मधला दुवा थिओफ्रॅस्टस. ग्रीक हस्तलिखितात अवतरणचिन्हं नसतात. वाक्य संपल्यावर 'तो हे काहीशा काव्यमय शब्दांत सांगतो' अशी टिप्पणी आहे, त्यामुळे अवतरण कुठे संपतं ते बरंच स्पष्ट आहे. सुरू कुठे होतं, यावर मात्र अभ्यासकांत अजून वाद आहे. छापील पानावर दिसणारं पहिलं अवतरणचिन्ह हा संपादकाचा निर्णय आहे. हे वाक्य कोणत्याही लेखात वापरण्याआधी दोन अनुवाद शेजारी ठेवून ते चिन्ह कुठे उघडलंय ते पाहा.

'निसर्ग', 'गती', 'अवकाश': तीन घसरगुंड्या

मराठीत लिहिणाऱ्यांचा घोटाळा इथे सर्वांत जास्त होतो. 'फिसिस' या शब्दाला 'निसर्ग' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर डोंगर, झाडं, पाऊस येतो. ॲरिस्टॉटलला अभिप्रेत आहे ते वस्तूच्या स्वतःच्या ठायी असलेलं हालचालीचं आणि थांबण्याचं मूळ. दुसऱ्या पुस्तकात तो अँटिफॉन या आधीच्या ग्रीक विचारवंताचा दाखला देतो: लाकडी पलंग पुरला आणि कुजता कुजता त्याला कोंब फुटला, तर पलंग उगवणार नाही, लाकूड उगवेल. म्हणून लाकूड हीच पलंगाची 'फिसिस'. हा दाखला ॲरिस्टॉटलचं मत म्हणून दिलेला मी अनेकदा पाहिलाय. तो अँटिफॉनचा आहे. स्वतः ॲरिस्टॉटल पुढे द्रव्यापेक्षा आकाराला झुकतं माप देतो. मी 'स्वभाव' हा शब्द वापरते. 'प्रकृती'मागे सांख्यांचा इतका मोठा अर्थ उभा आहे की तो टाळलेला बरा.

'किनेसिस' म्हणजे केवळ गती नव्हे. पान पिवळं पडणं, रोप वाढणं हेही किनेसिसच. 'परिवर्तन' म्हणा, आणि एका जागेहून दुसरीकडे जाण्यापुरतं 'स्थानांतर' ठेवा.

'टोपॉस'ला 'अवकाश' म्हणणं ही चूक जास्त महागात पडते. चौथ्या पुस्तकात ॲरिस्टॉटल म्हणतो, वस्तूचं स्थान म्हणजे तिला वेढणाऱ्याची सर्वांत आतली, न हलणारी कड. एका जागी स्थिर ठेवलेल्या घागरीतलं पाणी घ्या. पाणी जिथं टेकतं तो घागरीचा आतला पृष्ठभाग म्हणजे त्याचं स्थान. फिलोपोनसला हे साफ अमान्य. त्याच्या मते स्थान म्हणजे लांबी-रुंदी-खोली असलेला विस्तार, ज्यात वस्तू येतात नि जातात. तो प्रत्यक्षात कधीच रिकामा नसतो, पण वस्तूंपासून वेगळा कल्पिता येतो. दोन्हीकडे 'अवकाश' लिहिलंत, तर वाचकाला वादच दिसत नाही. ॲरिस्टॉटल आधीच फिलोपोनसच्या बाजूनं बोलतोय असं वाटतं. 'स्थान', 'विस्तार' आणि 'पोकळी' हे तीन शब्द वेगळे ठेवले की हा भाग चक्क सोपा होतो.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

१८४ए१० सारखा आकडा दिसला तर तो ॲरिस्टॉटलचा: ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांच्या १८३१ च्या बेकर आवृत्तीतलं पान, स्तंभ, ओळ. नुसता '२४,१३' असेल तर तो भाष्याचं बर्लिन आवृत्तीतलं पान आणि ओळ. सिम्प्लिकियसचं भाष्य दोन खंडांत असलं तरी पानं सलग, १ ते १३६६. अनुवादाच्या समासात हेच आकडे असतात. संदर्भ देताना ते द्या, इंग्रजी पुस्तकाचा पृष्ठक्रमांक नको.

दुसरी अडचण प्रतीकाची. भाष्याच्या प्रत्येक तुकड्याआधी ॲरिस्टॉटलचे काही शब्द असतात, संस्कृत भाष्यांतल्या प्रतीकासारखेच. ते आणि खालचं विवेचन जुळेना, तर अनुवाद चुकला असं लगेच ठरवू नका. पुढच्या लेखनिकांनी प्रतीकाचे शब्द आपल्याजवळच्या प्रतीप्रमाणे बदललेले असू शकतात. भाष्यकारासमोर कोणता पाठ होता, ते विवेचनाच्या आत येणाऱ्या शब्दांवरून शोधा.

फिलोपोनसला गॅलिलिओ करणं

वजनात फार फरक नसलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या, तर पडण्याच्या वेळेत फरक पडत नाही किंवा जाणवणार नाही इतका कमी पडतो, असं फिलोपोनसनं सहाव्या शतकात लिहिलं. फेकलेल्या वस्तूला हवा ढकलत नेते हे ॲरिस्टॉटलचं स्पष्टीकरणही त्यानं नाकारलं. फेकणारा वस्तूतच एक प्रेरकशक्ती घालतो, असं तो म्हणतो. हे विलक्षण आहे, आणि ते जसं आहे तसंच सांगितलं पाहिजे. पोकळीतही जड वस्तू अधिक वेगानं जाते, हे तो शेवटपर्यंत मानतो. गॅलिलिओ ते मानत नाही.

आणि फिलोपोनसबद्दल काही ठरवण्याआधी तुम्ही त्याला कोणाच्या तोंडून ऐकताय ते पाहा. जग अनादि आहे या ॲरिस्टॉटलच्या मताविरुद्ध त्यानं लिहिलेलं पुस्तक हरवलं. त्याचे तुकडे उरले ते मुख्यतः सिम्प्लिकियसनं त्याला झोडपताना उद्धृत केले म्हणून. सिम्प्लिकियस त्याचं नावही घेत नाही, 'व्याकरणी' एवढंच म्हणतो. १९८७ च्या अनुवादात ते तुकडे एकत्र केले आहेत. तो खंड वाचताना प्रत्येक तुकडा सिम्प्लिकियसच्या कोणत्या पानावरून घेतला ते बघा, आणि त्या पानावर त्याच्या आधीच्या व नंतरच्या दहा ओळी वाचा.