दोष टाकीत दिसतो, चूक बागेत झालेली असते: वाईनच्या द्राक्षात या चुका टाळा

आंबवण सुरू होऊन तीन-चार दिवस झाले आणि टाकीचं झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा वास आला, की वाइनरीत पहिला संशय यीस्टवर जातो. कुणी यीस्टचा वाण बदलायचं ठरवतं, कुणी हवा खेळवतं, कुणी तांबं घालून वास मारतं. ती द्राक्षं कुठल्या ओळींतून आली, तिथे गंधकाची शेवटची फवारणी कधी झाली, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. उत्तम वाईन बागेत घडते असं सगळेच म्हणतात. तसं असेल तर बिघडलेली वाईनही बागेतच बिघडायला लागते, आणि तिचा शोध तिथूनच घ्यायला हवा. माझा सगळा आग्रह एवढाच आहे.

या वासाचंच घ्या. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी मारलेलं गंधक सालीवर काढणीपर्यंत राहिलं, तर यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू, करतं. म्हणून काढणीआधी महिना-सव्वा महिना गंधक बंद करावं आणि फवारणीची तारीख प्लॉटच्या वहीत लिहिलेली असावी. दुसरं कारण आहे नत्राचं. रसात यीस्टला वापरता येईल असं नत्र लिटरला साधारण १४० मिलिग्रॅमच्या खाली गेलं, की यीस्टवर ताण येतो. मग वास येतो किंवा आंबवण अर्ध्यावर थांबतं. टाकीत नत्र वरून घालता येतं, ती तात्पुरती मलमपट्टी झाली. एखाद्या प्लॉटचा रस दरवर्षी कमी नत्राचा येत असेल, तर तिथलं गवत पाणी आणि नत्र खाऊन टाकतंय का, मुळं उथळ राहिलीत का, हे पाहावं लागेल. फुलोऱ्याच्या सुमाराला देठ परीक्षण, म्हणजे पानांच्या देठांतल्या अन्नद्रव्यांची तपासणी, केलं, तर ही गोष्ट काढणीच्या कितीतरी आधी कळते.

नमुना चुकला की सगळंच चुकलं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक मला नमुना घेण्यातली वाटते, कारण ती झाल्याचं कळतही नाही. मणी तोडायला गेलं की हात आपसूक काळ्याभोर, उन्हातल्या, डोळ्यांसमोरच्या घडाकडे जातो. घडाच्या खांद्यावरचे मणी टोकाकडच्या मण्यांपेक्षा आधी पिकतात, आणि तोडले जातात तेच. ओळीच्या कडेच्या वेली जास्त उन्हात, जास्त वाऱ्यात असतात, आणि चालायचा कंटाळा आला की नमुना त्यांचाच घेतला जातो. मग ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाचा, आकडा फुगतो, काढणी ठरते आणि टाकीत प्रत्यक्षात आलेला रस कच्चा निघतो.

मी स्वतः एकदा असाच फसलो. पिशवीतल्या मण्यांची गोडी हवी तशी होती आणि टाकीतला रस मात्र दीड ब्रिक्सने कमी निघाला. तेव्हापासून नियम केला: कडेच्या दोन ओळी आणि प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांच्या वेली सोडून द्यायच्या, ठरावीक अंतराने वेल निवडायची, आणि घडाकडे न बघता मणी तोडायचा. वर, मध्ये, खाली, सावलीतून, उन्हातून, असे निदान शंभर-दोनशे मणी. दरवेळी दिवसाच्या एकाच प्रहरी. ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणायचा, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण घाईत हेच राहतं.

गोडी आली म्हणजे द्राक्ष पिकलं, असं नाही

लिटरला साधारण १७ ग्रॅम साखरेमागे १ टक्का अल्कोहोल, एवढंच ब्रिक्स सांगतं. साल, बी, सुवास आणि आम्ल यांचं पिकणं वेगळ्या चालीने होतं. उष्ण हवेत साखर धावते. द्राक्षातल्या दोन मुख्य आम्लांपैकी मॅलिक आम्ल वेल श्वसनात खर्च करून टाकते, टार्टारिक त्या मानाने टिकतं. अशा वेळी नुसत्या आकड्याकडे पाहून काढणी केली, तर अल्कोहोल भरपूर असलेली आणि तोंड आवळणाऱ्या हिरव्या तुरटपणाची लाल वाईन मिळते. उलट चवीची वाट पाहत फार थांबलं, तर मणी सुकतात, आम्ल ढासळतं.

म्हणून चावून बघा. बी हिरवी आणि चिकट आहे, की तपकिरी होऊन दाण्यासारखी फुटते? साल चुरडल्यावर बोटाला रंग लागतो का? गर बीपासून सहज सुटतो का? कॅबर्ने सोव्हिन्यॉन या लाल वाईनच्या वाणात कच्च्या ढोबळी मिरचीचा वास राहिला, तर तो बहुतेकदा मण्यांत पाणी उतरण्याआधी, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागण्याआधी, घड दाट पानांच्या सावलीत कोंडले गेल्याचा परिणाम असतो. तो वास टाकीत काढता येत नाही. पाने विरळ करण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

पानांचा प्रश्न निघालाच आहे तर: दोन्ही बाजूंची पाने सरसकट ओरबाडणं ही उलट टोकाची चूक. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर सकाळच्या उन्हाची, म्हणजे पूर्वेची बाजू मोकळी करावी आणि पश्चिमेची पाने राखावी. दुपारच्या उन्हात भाजलेल्या मण्याचा रंगही जातो आणि चवही.

खाण्याच्या द्राक्षाची सवय

ज्यांनी आधी खाण्याची द्राक्षं पिकवली आहेत, त्यांना ही सवय मोडताना फार जड जातं, आणि ते मी समजू शकतो. तिथे मणी मोठा, लांब, करकरीत हवा. मणी फुगवणारं जिबरेलिक आम्ल हे संजीवक, भरपूर पाणी, सगळं त्यासाठी. वाईनला हवा असतो छोटा मणी. रंग, टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) आणि बराचसा सुवास सालीत असतो, आणि मणी जितका लहान तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त. मणी धरल्यापासून पाणी उतरेपर्यंत बेताचा ताण दिला तर मणी आटोपशीर राहतो. बेताचा म्हणजे शेंडा वाढायचा थांबेल इतका; खालची पाने पिवळी पडून गळू लागली तर ताण जास्त झाला. काढणीच्या तोंडावर वजनासाठी पाणी सोडणं तर टाळाच.

याच्याच जोडीला एक गैरसमज आहे की उत्पादन जितकं कमी, वाईन तितकी श्रेष्ठ. जोमदार वेलीवरचे निम्मे घड कापले, तर उरलेला जोम पानांत आणि फुटींत जातो, सावली वाढते आणि उरलेले घडही बिघडतात. महत्त्वाचा असतो तोल. फळाचं वजन भागिले त्याच वेलींच्या छाटणीत निघालेल्या काड्यांचं वजन, हा हिशेब फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ लुई रावाझ यांच्या नावाने ओळखला जातो. साधारण ५ ते १० च्या दरम्यान वेल तोलात आहे असं मानतात. काड्या तोलून बघणारे फार थोडे, आणि खर्च म्हणाल तर एका वजनकाट्याचा.

अख्खी बाग एकाच टाकीत

फ्रान्समधल्या बर्गंडीतली क्लो द वूजो ही भिंतीने वेढलेली बाग सुमारे ५० हेक्टरची आहे. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांनी ती घडवली, आज तिचे कितीतरी मालक आहेत. उताराच्या वरच्या अंगाला माती उथळ आणि चुनखडीची, तर खाली रस्त्याकडे ती खोल, जड आणि पाणी धरून ठेवणारी. नाव एक, भिंत एक, तरी वरची आणि खालची द्राक्षं सारखी नाहीत.

आपल्या बागेत एवढा फरक नसेल, पण असतोच. खोलगट भागात वेली माजतात, मुरमाड पट्ट्यात काड्या बारीक राहतात. दोन्हीकडची द्राक्षं एकाच दिवशी काढून एकत्र टाकली, की अर्धी कच्ची आणि अर्धी जास्त पिकलेली अशी सरासरी हाती येते. छाटणीच्या वेळी काड्यांची जाडी पाहत बाग फिरा, नकाशावर पट्टे मांडा, आणि टाक्या लहान असल्या तरी चालतील पण ते पट्टे वेगळे काढून वेगळे आंबवा. मिश्रण नंतर करता येतं. मिसळलेलं वेगळं करता येत नाही.

सामू चढतोय?

दरवर्षी रसाचा सामू (पीएच; तो चढला म्हणजे आंबटपणा उतरला) ३.८ च्या आसपास येत असेल, तर टार्टारिक आम्लाच्या पिशव्या मागवण्याआधी बागेत टाकलेल्या पोटॅश खताच्या पिशव्या मोजा. पोटॅशियम मण्यात साठतं, टार्टारिकशी जुळून खाली बसतं आणि सामू वर जातो. याची किंमत पुढे मोजावी लागते: वाईन सुरक्षित ठेवायला सामू ३.२ असताना लिटरला सुमारे २० मिलिग्रॅम मोकळा (वाईनमधल्या इतर घटकांशी न जुळलेला) सल्फर डायऑक्साइड पुरतो, ३.५ ला ४०, आणि ३.८ ला जवळपास ८० लागतो. दाट सावलीतली पानेही मण्याकडे पोटॅशियम ढकलतात, म्हणजे इथेही पुन्हा छाटणी आणि पाने आलीच.

काढणीच्या दिवसाबद्दल थोडंच. पहाटे किंवा रात्री काढा, क्रेट उथळ ठेवा म्हणजे खालचे घड चिरडणार नाहीत. आंबूस वास येणारा, फळमाश्या बसलेला घड ओळीतच टाकून द्या. तो एक घड क्रेटमध्ये गेला तर व्हिनेगरचे जिवाणू सोबत जातात. काढणाऱ्यांना हे आदल्या दिवशी एका खराब घडाचा वास देऊन दाखवा. नुसतं सांगितलेलं पहाटेच्या अंधारात आठवत नाही, वास आठवतो.