ऑर्केस्ट्रासमोरची पहिली तालीम: कंडक्टरचा स्वभाव आणि वादकांशी नातं

नवा कंडक्टर कसा आहे हे कळायला सराईत ऑर्केस्ट्राला पहिली विश्रांतीही लागत नाही. त्यानं वाजवणं पहिल्यांदा थांबवलं की तो काय बोलतो, तेवढ्यावरून निकाल लागतो. थांबवण्याचं कारण नेमकं असेल आणि ते दहा सेकंदांत सांगून झालं, तर वादक पेन्सिल उचलतात. कारण धूसर असेल तर ते सभ्यपणे ऐकून घेतात आणि पुढचा आठवडाभर आपल्या सवयीनं वाजवतात. परक्या ऑर्केस्ट्रासमोर पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी हे मुख्यतः लिहिलं आहे. शेवटी वादकांसाठीही थोडं आहे. माणसाचा मूळ स्वभाव सहसा बदलत नाही, पण तालमीतली वागणूक घडवता येते आणि वादकांशी नातं तिच्यावरच ठरतं.

तापट, अबोल, दूरस्थ

इटालियन कंडक्टर आर्तुरो तोस्कानिनीचा राग जगप्रसिद्ध आहे. १९३७ ते १९५४ या काळात तो अमेरिकेतल्या एनबीसी सिंफनी या रेडिओ ऑर्केस्ट्राचं नेतृत्व करत होता. तालमीतला त्याचा आरडाओरडा ध्वनिमुद्रणांत आजही ऐकता येतो, हातातली छडी, म्हणजे बॅटन, मोडणं तर नेहमीचंच. तरीही वादक त्याच्यासाठी जीव ओतून वाजवत. एक तर सगळा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं संगीत, त्याला पाठ असे. नजर अधू असल्यानं तो स्कोअर समोर ठेवतच नसे. दुसरं म्हणजे त्याचा राग कामचुकारपणावर, बेसूरपणावर, ढिल्या लयीवर निघे. पण हे झालं अर्धं उत्तर. त्या काळात बऱ्याच ऑर्केस्ट्रांत कंडक्टर वादकाला मनात येईल तेव्हा काढू शकत असे, ही उरलेली अर्धी बाजू. आज भरतीला ऑडिशन समिती असते, कामावरून कमी करायला ठरलेली प्रक्रिया असते आणि अनेक ठिकाणी कंडक्टरबद्दल वादकांचं मत नियमित घेतलं जातं. तोस्कानिनीचा राग उचलायचा असेल त्यानं आधी त्याची तयारी उचलावी. तेवढी तयारी झाली की आवाज चढवायची वेळ क्वचितच येते.

शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात १९५३ पासून कंडक्टर फ्रिट्झ राइनरनं अगदी उलटा मार्ग वापरला. त्याच्या बॅटनची हालचाल इतकी लहान असे की वादकाला नजर हटवणं परवडत नसे. शिस्त जबर होती, सोबत भीतीही. कार्लोस क्लायबर फार थोडे कार्यक्रम करी, पण त्यासाठी भरपूर तालमी मागे, आणि एखाद्या वादकासाठीची सूचना चिठ्ठीवर लिहून त्याच्या स्टँडवर ठेवून देई. ही युक्ती कोणत्याही स्वभावाच्या माणसानं उचलावी अशी आहे: सूचना पोचते आणि चारचौघांत कुणाचा पाणउतारा होत नाही. क्लाउडिओ अब्बाडोला १९८९ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकच्या वादकांनी मतदानानं प्रमुख कंडक्टर निवडलं. त्यानं स्वतःला पहिल्या नावानं हाक मारायला सांगितलं. तालमीत तो थोडंच बोले, एकमेकांना ऐका एवढाच त्याचा आग्रह. आधीचा प्रमुख हर्बर्ट फॉन करायान याच्या करड्या कारभाराची सवय झालेल्या काही वादकांना हे सुरुवातीला पचलं नाही. म्हणजे सौम्यपणाही आपोआप पसंत पडतो असं नाही. आधीच्या माणसानं कोणती सवय लावली आहे हे जाण्यापूर्वी विचारून घ्यावं.

करायान आणि बर्लिनचं नातं तीन दशकांहून जास्त टिकलं, आणि बिनसलं ते एका नेमणुकीवरून. १९८२ मध्ये त्याला झाबिने मायर ही क्लॅरिनेटवादक हवी होती, वादकांचा विरोध होता, आणि नवा सदस्य घेण्याचा हक्क वादकांचा होता. त्यानं आपलं वजन वापरून पाहिलं. १९८४ मध्ये मायरनं स्वतःच ऑर्केस्ट्रा सोडला, पण तडा कायम राहिला आणि १९८९ मध्ये करायाननं राजीनामा दिला. संगीताच्या बाबतीत ऑर्केस्ट्रा बरंच सोसतो. आपल्या अधिकारात घुसलेला माणूस मात्र त्याला सोसवत नाही. कुठे काय वादकांच्या हातात आहे हे म्हणूनच करार करण्याआधी वाचावं. व्हिएन्ना फिलहार्मोनिक तर १९३३ पासून कायमचा कंडक्टर ठेवतच नाही, कोणाला बोलवायचं ते वादक ठरवतात.

जाण्यापूर्वी

बरीचशी भांडणं पार्ट्समधून, म्हणजे प्रत्येक वादकासमोरच्या त्याच्या वाद्यापुरत्या प्रतींतून, उगवतात. तुमच्या स्कोअरची आवृत्ती आणि वादकांच्या पार्ट्सची आवृत्ती एकच आहे का, हे ऑर्केस्ट्राच्या लायब्ररियनला पत्र पाठवून विचारा. आवृत्त्या वेगळ्या असतील तर तालमीची अक्षरं (जागा सापडावी म्हणून छापलेली ए, बी, सी) किंवा बार-क्रमांक (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) जुळत नाहीत. मग तुम्ही ‘जी’ म्हणता आणि अर्धा ऑर्केस्ट्रा भलतीकडून सुरू करतो. पाच वेळा असं झालं की वीस मिनिटं गेली, आणि चिडचिड तुमच्या नावावर जमा.

तंतुवाद्यांच्या गजाच्या खुणा (गज कोणत्या दिशेनं ओढायचा ते) वेगळ्या हव्या असतील तर कॉन्सर्टमास्टरशी, म्हणजे पहिल्या व्हायोलिन्सच्या प्रमुखाशी, तालमीच्या निदान दोन-तीन आठवडे आधी बोला. त्या खुणा पाचही विभागांच्या प्रत्येक पार्टमध्ये हातानं उतरवाव्या लागतात. ऐन तालमीत गज उलटा करायला सांगितलंत तर साठ माणसं खोडरबर शोधत बसतात. एखाद्या जागी आग्रह नसेल तर तिथे कॉन्सर्टमास्टरच्या खुणा राहू द्या. त्यांचा हॉल त्यांना ठाऊक आहे.

मग वेळापत्रक. तालीम साधारण अडीच ते तीन तासांची असते आणि मध्ये पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती. जास्त वादक लागणारा भाग आधी घ्या, कमी लागणारा नंतर. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीत ट्रॉम्बोन फक्त चौथ्या भागात आहेत, बेथोव्हनच्या पाचवीतही तसंच. तिथे चौथ्या भागापासून सुरुवात केली तर ते तिघं तासाभरात मोकळे होतात. द्वोर्झाकच्या नवव्यात ट्युबा फक्त दुसऱ्या भागात, मोजके सूर वाजवतो. त्याला दोन तास नुसता बसवून ठेवू नका. हॉर्न आणि ट्रम्पेटचे उंच, जोरकस परिच्छेद तालमीच्या शेवटच्या वीस मिनिटांत पुन्हा पुन्हा घेऊ नका, ओठ थकलेले असतात. तिथे चुकलेला सूर निष्काळजीपणातून आलेला नसतो. तुम्ही तो मागून घेतलेला असतो. कोणता भाग किती वाजता, हे आदल्या दिवशी फलकावर लावा आणि पाळा.

थांबवावं कसं

पहिल्या दिवशी एक पूर्ण भाग न थांबता वाजवून घ्या. त्यांना तुमची लय कळते, तुम्हाला त्यांचा नाद. पहिल्यांदा झालेल्या चुकीसाठी थांबू नका; चांगला वादक पुढच्या वेळी ती आपणच दुरुस्त करतो. तीच जागा दुसऱ्यांदा चुकली तर थांबा.

थांबलात की शांतता होईपर्यंत तोंड उघडू नका. मग क्रम असा: कोण, कुठे, काय. ‘दुसरी व्हायोलिन्स, डी नंतरचा तिसरा बार, आठव्या मात्रा आखूड.’ (आठवी मात्रा म्हणजे अर्ध्या ठोक्याचा सूर.) आधी ‘काय’ सांगितलंत तर ते कुणासाठी हे कळेपर्यंत सगळे ऐकत राहतात, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच जागा सापडत नाही. अक्षरापासून मागे मोजायचं असेल तर ‘आधी’ हा शब्द पहिला उच्चारा आणि मोजायला चार-पाच सेकंद द्या. सगळ्यात मागच्या डेस्कवरच्या वादकानं पान उलटलेलं दिसल्यावरच हात वर करा.

बोलायची भाषा मोजता येईल अशी ठेवा: लांब की आखूड, मोठ्यानं की हळू, लवकर की उशिरा, गजाच्या टोकाशी की मुठीशी. ‘इथे पहाटेचं धुकं हवं’ याला मनाई नाही, पण त्यापाठोपाठ ‘म्हणजे गज फिंगरबोर्डच्या जवळ, कंप कमी’ हे यायला हवं. नुसतं ‘पुन्हा’ कधीच म्हणू नका. कारण न सांगता पुन्हा वाजवायला लावणं म्हणजे काय बिघडलंय हे तुम्हालाच कळलेलं नाही, असा अर्थ वादक घेतात, आणि बहुधा तो बरोबर असतो.

सुराची तक्रार सगळ्यात नाजूक. ‘दुसरा ओबो, तू उतरलेला आहेस’ असं चारचौघांत म्हणण्यापेक्षा जुळणी मागा: आधी षड्ज आणि त्याचे सप्तक, मग पंचम, शेवटी गंधार. मेजर कॉर्डमधला (षड्ज-गंधार-पंचम एकत्र वाजतात तेव्हाचा) शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो; सेंट म्हणजे पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. गंधार वाजवणाऱ्याला हे सांगितलं की दोष कुणाच्या माथी न येता कॉर्ड बसतो.

एकल जागेत वादकाकडे टक लावून पाहू नका. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीतल्या दुसऱ्या भागाची कोर आंग्लेची (ओबोच्या जातीचं, खालच्या सुराचं वाद्य) धून असो किंवा स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’च्या आरंभीचा बसूनचा उंच सूर, तिथे श्वास वादकाचा असतो. सुरुवातीची खूण द्या, मग हात लहान करा आणि त्याच्या मागून जा. सूर फाटला तर त्या दिशेला बघूच नका. ज्याचा फाटला त्याला तुमच्यापेक्षा आधी कळलेलं असतं.

बिघडतं कुठे

मागच्या रांगांवर उशिरा वाजवल्याचा आरोप ही नेहमीची ठेच. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पंधरा मीटरवर बसलेल्या ट्रॉम्बोनचा सूर तुमच्यापर्यंत यायला सुमारे ४४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सोळावी मात्रा, म्हणजे पाव ठोका, १२५ मिलिसेकंदांची, म्हणजे तिचा तिसरा हिस्सा वाटेतच गेला. त्यात ते पुढच्या तंतुवाद्यांना ऐकून वाजवत असतील तर तोच उशीर दुप्पट. ‘ऐकू नका, बॅटनवर वाजवा’ एवढं सांगितलं की बहुतेक वेळा काम होतं. ‘तुम्ही झोपलात का’ असं विचारलंत तर पुढच्या सबंध आठवड्यात ते एक सूरही तुमच्या इशाऱ्याआधी वाजवणार नाहीत.

तुम्ही चुकलात, तिनाच्या जागी चाराचा ठोका दिलात, तर ‘माझी चूक’ म्हणा आणि पुढे चला. सत्तर-ऐंशी लोकांनी ते पाहिलेलं असतं. दोष वादकांवर ढकलणं हा नातं तोडायचा सगळ्यात जलद मार्ग आहे. त्यानंतर तुम्ही जे चुकीचं दाखवाल ते अगदी तसंच वाजवलं जाईल, हे ऑर्केस्ट्राचं जुनं हत्यार आहे.

आपण किती बोलतो याचा अंदाज जवळजवळ कुणालाच नसतो. तालीम फोनवर मुद्रित करा, घरी घड्याळ लावून ऐका. बोलण्यात पाचव्या हिश्श्याहून जास्त वेळ गेला असेल तर पुढच्या दिवशीच्या सूचना कागदावर लिहून निम्म्या करा. आणि वेळ संपली की संपली. शेवटच्या मिनिटाला ‘एकदा शेवटचा परिच्छेद’ मागून तीन मिनिटं जास्त घेतलीत तर वादक ती विसरत नाहीत. पाच मिनिटं आधी सोडलंत तर तेही विसरत नाहीत.

सुरुवातच अविश्वासात झाली असेल तर? २००५ मध्ये कंडक्टर मॅरिन ऑल्सपची अमेरिकेतल्या बॉल्टिमोर सिंफनीच्या प्रमुखपदी निवड झाली तेव्हा वादकांनी निवडप्रक्रियेला जाहीर विरोध केला होता. तिनं थेट वादकांशी बसून बोलणी केली, मग पद स्वीकारलं. २००७ पासून २०२१ पर्यंत ती तिथे होती. मधल्या माणसांकरवी निरोप पाठवून हे साधत नाही.

वादकांसाठी

लहान हालचालीच्या कंडक्टरसाठी स्टँड थोडा खाली घ्या आणि तुम्ही, स्टँड, बॅटन एका रेषेत येतील अशी खुर्ची लावा. ठोका अस्पष्ट असेल तर कॉन्सर्टमास्टरचा गज पाहा आणि डबल बेस ऐका. फार बोलणाऱ्याच्या लांब वाक्यातून ‘लांब, आखूड, मोठं, हळू’ यांतलं एक काय ते निवडून पेन्सिलीनं लिहा. शंका विभागप्रमुखामार्फत विचारा, आणि उत्तर एका शब्दात येईल अशी: ‘एफचा तिसरा बार, आमच्याकडे बिंदू आहे, व्हिओलांकडे नाही, ठेवायचा का?’ (बिंदू म्हणजे सूर आखूड वाजवण्याची खूण.)

संगीतावरचा राग आणि माणसावरचा राग यांत फरक करा. अपमान, धमकी किंवा अंगावर हात हा स्वभावाचा विशेष म्हणून सोडून देऊ नये. तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द आणि शेजारी कोण होतं हे त्याच दिवशी लिहा आणि वादकांच्या समितीकडे द्या. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या एका महोत्सवात कंडक्टर जॉन एलियट गार्डिनरनं एका गायकाला मारलं. त्याला लगेच पुढच्या कार्यक्रमांतून बाजूला व्हावं लागलं, आणि पुढच्या वर्षी त्यानंच स्थापन केलेल्या वाद्य-गायनवृंदांशी त्याचं नातं संपलं.

कार्यक्रमाच्या रात्री

टाळ्यांच्या वेळी कोणाला आधी उभं करायचं याची यादी स्कोअरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा: एकल वाजवलेले वादक त्यांच्या जागांच्या महत्त्वानुसार, मग विभाग, मग सगळे. रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘शहरजाद’नंतर कॉन्सर्टमास्टर पहिला. टिंपनीवाला आणि दुसरा हॉर्न हमखास विसरले जातात. ऑर्केस्ट्रा उठायला तयार नसेल आणि तुम्हालाच टाळ्या घ्यायला लावत असेल तर एकदा मान झुकवून स्वीकारा. दुसऱ्यांदा मात्र त्यांना उठवाच. दुसऱ्या दिवशी लायब्ररियनला कळवा की तुमच्या कोणत्या खुणा पार्ट्समध्ये राहू द्यायच्या आणि कोणत्या पुसायच्या, कारण तेच पार्ट्स पुढच्या कंडक्टरच्या तालमीत त्याच स्टँडवर उघडले जाणार आहेत.