कावीळ बी चं अँटीबॉडी इंजेक्शन: घेताना या चुका टाळा

कावीळ बी (हिपॅटायटिस बी) साठी दोन वेगळी इंजेक्शनं असतात आणि आपल्याकडं बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात निम्मा घोळ इथंच होतो. एक लस, जी सरकारी दवाखान्यात बाळांना फुकट मिळते, ती शरीराला स्वतःच्या अँटीबॉडी, म्हणजे व्हायरसशी लढणारी प्रथिनं, तयार करायला लावते पण त्याला आठवडे जातात. दुसरं हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, दवाखान्यात नुसतं एचबीआयजी म्हणतात, त्यात दुसऱ्या लोकांच्या प्लाझ्मातून (रक्तातल्या पातळ भागातून) काढलेल्या तयार अँटीबॉडी असतात, टोचल्या की कामाला लागतात आणि तीन ते सहा महिन्यांत संपतात. उसन्या पैशासारखंच ते. त्यामुळं "एवढं महागाचं इंजेक्शन घेतलंय की, आता लस कशाला" म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी परत उघडाच पडतो. दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकाच दिवशी चालतात.

आणखी एक, हे इंजेक्शन म्हणजे काविळीवरचं औषध नव्हे. व्हायरस अंगात मुरल्यावर ते घेऊन उपयोग नाही (लिव्हर ट्रान्सप्लांटवाल्यांची गोष्ट वेगळी).

सगळ्यात जास्त नुकसान बाळाच्या बाबतीत होतं. आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह असली, म्हणजे रक्ताच्या तपासणीत हा व्हायरस सापडला, की जन्मल्यापासून 12 तासांच्या आत बाळाच्या एका मांडीत एचबीआयजी अर्धा एमएल आणि दुसऱ्या मांडीत लसीचा पहिला डोस, सिरिंज वेगळी, जागा वेगळी. एवढी घाई कशाला, तर मोठ्या माणसाला हा व्हायरस लागला तर 100 तले पाचसुद्धा कायमचे पेशंट होत नाहीत, पण जन्मताना लागलेल्या बाळांत 90 टक्क्यांच्या आसपास कायमचे होतात आणि पुढं लिव्हर सिरॉसिस, कॅन्सरची भीती डोक्यावर राहते.

आता आपली अडचण बघा. पोरीचं सासर खानापूरकडं, माहेर चंदगड नाहीतर गडहिंग्लजला, नऊ महिने तपासण्या कर्नाटकात आणि पहिलं बाळंतपण महाराष्ट्रात. तायी कार्डावर (कर्नाटकातलं गरोदरपणाचं कार्ड) कन्नडात लिहिलेलं तिकडच्या सिस्टरला वाचता येत नाही, एचबीएसएजीचा रिपोर्ट सासरच्या कपाटात राहिलेला, आणि कळा सुरू झाल्यावर कोण शोधतंय. मग बाळ दोन दिवसांचं झाल्यावर कुणाला तरी आठवतं. म्हणून रिपोर्टची झेरॉक्स आईच्या पर्समध्ये आणि फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि रिपोर्ट नसलाच तर ॲडमिट होतानाच किटवर तपासून घ्या, थोड्या मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक म्हणजे इंजेक्शन तिथं असेलच असं धरून चालणं. महाग आहे, एक्सपायरी असते, लहान नर्सिंग होम ठेवत नाहीत, मग रविवारी रात्री बेळगाव किंवा कोल्हापूरला माणूस पळवायचा. आठव्या महिन्यातच सरळ विचारा, "डॉक्टर, एचबीआयजी तुमच्या फ्रिजमध्ये आहे का, नसेल तर कुठनं आणायचं?" 2018 पासून केंद्र सरकारचा व्हायरल हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्यात पॉझिटिव्ह आईच्या बाळाला हे देण्याची सोय आहे, तेव्हा जिल्हा दवाखान्यात आधी चौकशी करा मग खिशात हात घाला. स्वतः आणत असाल तर 2 ते 8 डिग्री लागतं, बर्फाला चिकटवून गोठवू नका, गोठलेलं वापरत नाहीत.

12 तास हुकले तर? लस तर लगेच द्याच, एचबीआयजी न मिळाल्यामुळं लस थांबवणं ही त्याहून मोठी चूक. एचबीआयजी आठवड्याच्या आतपर्यंत देतात पण जितका उशीर तितका फायदा कमी. पुढचे डोस 6, 10, 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून (पाच रोगांची एकत्र लस) मिळतातच, ते चुकवू नका. आणि अंगावरचं दूध तोडू नका हो, घरातल्या मोठ्या बायका घाबरून तोडायला लावतात, त्याची काही गरज नाही. आईचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, खूप असेल तर नुसत्या इंजेक्शनांवर भागत नाही, शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिरची (व्हायरस दाबणारी) गोळी लागू शकते, म्हणून तो लोड आधीच तपासायचा.

बाळ काविळीपासून वाचलं का हे बघायची घाई पण नडते. तिसऱ्या महिन्यात अँटीबॉडी तपासल्या तर रिपोर्ट मस्त येतो पण दिसतात त्या टोचलेल्याच. 9 ते 12 महिन्यांच्या दरम्यान एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (बाळाच्या अँटीबॉडीची तपासणी) दोन्ही करा.

मोठ्यांचं म्हणाल तर पेशंटला वापरलेली सुई चुकून टोचण्याचं प्रकरण, म्हणजे सिस्टर, लॅबवाले, आणि ज्यांना कुणी विचारत नाही ते सफाई कामगार. टोचल्यावर जखम पिळायची नाही, ॲसिड-फिनेल ओतायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायची. मग लगेच कळवायचं, सोमवारी बघू म्हणायचं नाही, कारण एचबीआयजी शक्यतो 24 तासांत आणि सात दिवसांच्या पुढं अर्थ नाही. आधी लस पूर्ण झालेली आणि टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण) एकदा तरी 10 किंवा वर आलेला असेल तर हे इंजेक्शन लागतच नाही, उगाच पैसे घालवू नका. लस झालेलीच नसेल तर वजनाच्या किलोला 0.06 एमएल, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 3.6 एमएल, आणि लस दुसऱ्या जागी. लस दंडात घ्या, कमरेत घेतली तर नीट लागू पडत नाही. दोनदा पूर्ण कोर्स करूनही टायटर न आलेल्यांना एचबीआयजीच महिन्याच्या अंतरानं दोनदा देतात.

आणि या सात दिवसांतले चार दिवस चुन्याच्या पाण्यात हात चोळून कावीळ उतरवणाऱ्याकडं जातात, हे गावोगाव चालतं. डोळे पिवळे झाले नाहीत म्हणून निवांत बसणारेही तेवढेच, पण कावीळ बी बऱ्याच जणांत काही न दाखवताच अंगात बसते.

मोठ्यांनी लसीचे पुढचे डोस एका महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात घ्यायचे, लोक पहिल्यानंतर गायब होतात. टायटर शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी करायचा, पण एचबीआयजी घेऊन सहा महिने झालेले पाहिजेत, नाहीतर परत त्या उसन्या अँटीबॉडीच मोजल्या जातात. गोवर-रुबेलासारखी जिवंत लस घ्यायची असली तर एचबीआयजीनंतर तीन महिने जाऊ द्या, आणि आधी कुठल्या रक्ताच्या औषधानं रिॲक्शन आली असेल तर सुई लावायच्या आधीच सांगा.