करविवरणाचे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी आपली एक तिमाही त्यात भरून पाहा

ठिबकचे साहित्य विकून ते शेतात बसवून देणारा रावेरचा दुकानदार, जळगावात मजुरीवर दागिने घडवणारा कारागीर आणि धुळ्यात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री हे तिघेही स्वतःच्या नावावर धंदा करतात. परंतु एकच सॉफ्टवेअर तिघांच्याही कामाचे ठरेल असे नाही. म्हणून विक्रेत्याशी बोलण्याआधी आपली वार्षिक उलाढाल किती, आपण वस्तू विकतो की सेवा देतो आणि आपला माल राज्याबाहेर जातो का, हे कागदावर लिहून काढावे.

महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला ४० लाख रुपयांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीवर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. साहित्य विकून बसवणीची मजुरी वेगळी लावणाऱ्या दुकानदाराने ४० लाखांवर विसंबू नये, कारण ती मर्यादा फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे. सीमेलगतच्या व्यापाऱ्यांनी तर अधिकच जपावे. रावेरहून मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरला किंवा नवापूरहून गुजरातेत करपात्र माल विकून पाठवला, तर उलाढाल कितीही लहान असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी घ्यावीच लागते.

ज्यांना नोंदणीची गरज नाही, त्यांनी विवरण भरण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेण्याचे कारण नाही. प्राप्तिकराचे विवरण आयकर विभागाच्या पोर्टलवर विनामूल्य भरता येते. त्यांना हवी असते ती जमा-खर्चाची स्वच्छ नोंद. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत धंद्याच्या रोख जमेवर किमान ८ टक्के, तर बँक किंवा यूपीआयने आलेल्या जमेवर किमान ६ टक्के उत्पन्न धरले जाते. त्यामुळे प्रत्येक जमा नोंदवतानाच ती रोख की बँकेतून, हे विचारणारे आणि वर्षअखेरीस दोन्हींची वेगळी बेरीज देणारे साधे ॲप त्यांना पुरेसे आहे.

नोंदणीकृत आणि ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यावसायिकाला तिमाही विवरणाचा पर्याय मिळतो. तिमाही संपल्यावर पुढील महिन्याच्या १३ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचे विवरण) आणि महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी (एकूण कराचा गोषवारा) भरायचे असते, तर पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरावा लागतो. महिन्याला दहा-बारा बिले असतील, तर जीएसटी पोर्टलवरील मोफत ऑफलाइन टूलवर काम भागते, आणि माझ्या मते तेवढ्यावरच भागवावे. बिले वाढली, उधारी आणि साठा सांभाळावा लागला, की मगच पैसे मोजावेत.

तेव्हाही डेमोवर जाऊ नये. डेमोतील बिले विक्रेत्याच्या सोयीची असतात. चाचणीची मुदत मागून घ्यावी आणि स्वतःची एक जुनी तिमाही, तीही अवघड असलेली, त्यात भरून पाहावी. माझी शिफारस जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीची आहे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि ठिबक संचावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. २० सप्टेंबरचे एक आणि २४ सप्टेंबरचे एक बिल टाकावे. सॉफ्टवेअरने तारीख पाहून पहिल्यावर १२ आणि दुसऱ्यावर ५ टक्के लावले पाहिजेत. नंतर २० सप्टेंबरचा थोडा माल ऑक्टोबरमध्ये परत आला असे समजून क्रेडिट नोट, म्हणजे मूळ बिलाची रक्कम कमी करणारी नोंद, करावी. ती मूळ बिलाच्या १२ टक्क्यांनीच व्हायला हवी. नवा दर भरताना जुन्या बिलांचे आकडे बदलत असतील, तर ते सॉफ्टवेअर तिथेच बाजूला ठेवावे. बऱ्हाणपूरच्या ग्राहकाला माल पाठवल्याचे बिल टाकल्यावर आयजीएसटी (परराज्यातील विक्रीवरचा कर) आणि भुसावळच्या ग्राहकाच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा केंद्राचा व राज्याचा कर) आपोआप लागतो का, तेही पाहावे. शेवटी जीएसटीआर-१ ची जेसन फाइल (पोर्टलवर चढवायची फाइल) काढून तिच्यातील बेरजा आपण प्रत्यक्ष भरलेल्या विवरणाशी ताडून पाहाव्यात. फरक एका रुपयाचा असला तरी तो कुठून आला, हे विक्रेत्याच्या माणसाला विचारावे. त्याच्या उत्तरावरून पुढे मदत कशी मिळेल याचा अंदाज येतो. खरेदीची बाजू जीएसटीआर-२बी शी, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून पोर्टलने तयार केलेल्या खरेदीच्या तक्त्याशी, जुळवण्याची सोय आहे का, हेही याच वेळी तपासावे.

टॅलीसारखे संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर घ्यावे की झोहो बुक्ससारखे इंटरनेटवरचे, याचा निर्णय गावच्या नेटवर्कवर आणि आपल्या सीएच्या कार्यालयात काय वापरले जाते यावर ठरवावा. धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवर काम करणाऱ्याला नेटशिवाय बिल करता आले पाहिजे. सीएला फाइल जशीच्या तशी उघडता आली, तर तीच बिले दुसऱ्यांदा टंकण्याचा खर्च वाचतो.

नोंदी किती वर्षे आपल्या हाती राहतील, या प्रश्नाकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. जीएसटी कायद्यानुसार हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. माझ्या परिचयातील एका व्यावसायिकाची वर्गणी संपली आणि जुनी बिले पाहण्यासाठी त्यांना पुन्हा पूर्ण वर्षाचे पैसे भरावे लागले. म्हणून वर्गणी थांबल्यावर जुनी माहिती पाहता येईल का, आणि सगळी बिले व खतावणी एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का, हे लेखी विचारून घ्यावे. चाचणीतच ती फाइल काढून पेन ड्राइव्हवर ठेवून पाहावी.

सॉफ्टवेअरमधून थेट विवरण पाठवायचे असल्यास पोर्टलवर एपीआयची (सॉफ्टवेअरला पोर्टलशी जोडणाऱ्या दुव्याची) परवानगी स्वतः द्यावी, तिची मुदत गरजेपुरतीच ठेवावी आणि पोर्टलचा पासवर्ड विक्रेत्याला सांगू नये.

नवे सॉफ्टवेअर शक्यतो १ एप्रिलपासून सुरू करावे. त्या दिवशी मोजलेला साठा, येणे-देणे, रोख आणि बँकेची शिल्लक आरंभीच्या नोंदी म्हणून भरावी आणि बिलांची मालिका नव्याने धरावी. बिल क्रमांक अक्षरे-आकडे मिळून १६ पेक्षा लांब नसावा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये.