घर भरलेलं असताना ध्यानाला बसायचं कसं

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठ झाला की मुलं दहा मिनिटं आनापानाला, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायच्या ध्यानाला बसतात. रस्त्यावरून ट्रॅक्टर जात असतो, शेजारच्या वर्गात पाढे चाललेले असतात, तरी मुलं बसतात. शासनाच्या ‘मित्र उपक्रमा’तून हे शाळेत आलं. पालकसभा संपली की काही आया मागे रेंगाळतात आणि विचारतात, “बाई, आम्हाला जमेल का हे? आमच्या घरात कुठली आलीय शांतता?” त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

शांततेची वाट पाहू नका. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे ती मिळायची नाही. वेळ ठरवताना ती घरातल्या एखाद्या रोजच्या कामाला बांधून टाका. माझ्याकडे पहाटे नळाला पाणी येतं. पाणी भरलं, मोटर बंद केली की मी बसते. चहा त्यानंतर. आधी चहा ठेवला तर पाठोपाठ पेपर येतो, डबे येतात आणि बसणं राहून जातं. तुमच्याकडे मुलं रिक्षात बसून शाळेला गेल्यानंतरची वेळ सोयीची असेल, रात्रपाळी करणाऱ्यांना घरी येऊन आंघोळ झाल्यावरची. फक्त पोटभर जेवून लगेच बसू नका, पेंग येते.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा: “एवढी दहा मिनिटं मला हाक मारू नका.” लपूनछपून बसलात तर कुणीतरी हमखास साबण कुठे ठेवलाय ते विचारायला येतं. गॅसवर दूध ठेवून बसू नका, अर्धं लक्ष तिकडेच राहतं. जागा रोज एकच ठेवा. पलंगाशेजारचा कोपरा, देवघरासमोरची दोन फरशांची जागा, काहीही चालेल. सासूबाईंची पूजा त्याच वेळी असेल तर घंटी वाजू दे. कानावर आवाज पडेल आणि जाईल.

जुनी गोधडी किंवा सतरंजी चौघडी करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते आणि पाठ आपोआप सरळ होते. गुडघे अधांतरी राहत असतील तर खाली टॉवेलची घडी सरकवा. पद्मासनाचा हट्ट नको, साधी मांडी पुरे. गुडघेदुखी असेल तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. मोबाईलवर दहा मिनिटांचा हलका गजर लावा, आवाजाची बाकी सगळी सोय बंद करा आणि तो हाताच्या अंतराबाहेर ठेवा.

आता मुख्य काम. डोळे मिटा, तोंड बंद ठेवा आणि नाकपुड्यांच्या कडा व वरच्या ओठाच्या वरची छोटी जागा, एवढ्यावर लक्ष ठेवा. तिथून श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच पाहायचं. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. मुद्दाम खोल घ्यायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचाही नाही. मनात कसला जप नको, डोळ्यांपुढे कुठलं चित्र नको. एकदा तिसरीतल्या एका मुलीनं डोळे उघडल्या उघडल्या सांगितलं, “बाई, माझा श्वास एकाच नाकातून येतोय, दुसरं बंदच झालंय.” मला फार आनंद झाला, कारण तिनं खरोखर पाहिलं होतं. आपल्या दोन नाकपुड्यांपैकी बहुतेक वेळा एकच जास्त मोकळी असते आणि काही तासांनी पाळी बदलते. मोठ्यांनीही इथूनच सुरुवात करावी: आत्ता कुठली मोकळी आहे? आत येणारा श्वास गार लागतो का, जाणारा कोमट लागतो का? काहीच जाणवत नसेल तर चार-पाच श्वास जरा जोरात घ्या आणि पुन्हा नेहमीच्या श्वासावर या.

मन पळणारच. विजेचं बिल, नणंदेचं बोलणं, उद्याची भाजी. पळालंय हे ध्यानात आलं की त्याला दटावू नका, त्या विचाराचा माग काढत बसू नका, परत नाकाशी या. दहा मिनिटांत हे पुन्हा पुन्हा करावं लागेल, आणि सराव करायचा तो याचाच. आज छान लागलं, काल लागलं नाही, असा हिशेब ठेवू नका. पायाला मुंग्या आल्या तर सावकाश पाय बदला. डुलकी येऊ लागली तर डोळ्यांवर पाणी मारून या, किंवा डोळे अर्धवट उघडून समोरच्या फरशीकडे पाहा. बसल्यावर घाबरल्यासारखं झालं, छातीत धडधडलं, तर डोळे उघडा, उठा, चार पावलं चाला. मनाच्या आजारावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं बसून भरपाई करायला जाऊ नका, नेहमीची दहाच बसा. लग्नघरी, गावी, प्रवासात पाचच मिनिटं मिळाली तर पाच. सकाळची बैठक अंगवळणी पडली की झोपण्याआधीची जोडा, वाढवायचं ते त्यानंतर.

पुढे जाऊन सविस्तर शिकावंसं वाटलं तर आमच्या नाशिक जिल्ह्यातच इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र आहे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांनी १९७६ मध्ये ते केंद्र सुरू केलं. तिथलं विपश्यनेचं शिबिर दहा दिवसांचं, दिवस पहाटे चारला सुरू होतो, बोलायचं नाही, मोबाईल जमा करायचा आणि पहिले तीन दिवस हेच आनापान. राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालतं. नवख्यांना संध्याकाळी जेवण नसतं, पाच वाजता चहा-फळं मिळतात, तेव्हा मनाची तयारी करूनच जा. अर्जात तब्येतीची आणि चालू औषधांची माहिती विचारतात, ती काही न लपवता भरा.