कोलेस्टेरॉलच्या पुढच्या तपासण्या : या चुका टाळा

‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पॅनेल, म्हणजे पुढच्या तपासण्यांचा संच, करून घ्यायची घाई सगळ्यांना असते. हातातल्या साध्या लिपिड प्रोफाइलवर (रक्तातल्या चरबीच्या तपासणीवर) एक वजाबाकी करायला मात्र कुणी बसत नाही. म्हणून आधी तीच.

एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ठीक दिसलं की फाइल बंद करणे

साठीतल्या माणसाचा नेहमी दिसतो तसा रिपोर्ट घ्या. एकूण कोलेस्टेरॉल १८४, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसरी चरबी) २६०, एलडीएल ९८, सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. ९८ पाहून घरातले सगळे निर्धास्त. आता १८४ मधून ३४ वजा करा. उरले १५०, हे नॉन-एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ सोडून बाकी सगळं कोलेस्टेरॉल. एलडीएल १०० च्या आत ठेवायचं असेल तर नॉन-एचडीएल १३० च्या आत हवं. इथे ते २० ने जास्त आहे.

असं का होतं? बऱ्याच ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात : एकूण उणे एचडीएल उणे ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा. ट्रायग्लिसराइड्स वाढले की हे सूत्र डळमळतं, ४०० च्या वर तर ते वापरायचंच नसतं. शिवाय अशा रक्तात एलडीएलचे कण लहान होतात. प्रत्येकात कोलेस्टेरॉल थोडं, पण कण जास्त. धमनीच्या भिंतीत अडकतात ते हे कण, आणि अशा प्रत्येक कणावर अ‍ॅपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो. त्यामुळे अ‍ॅपोबीच्या आकड्यावरून कणांची संख्या कळते. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार मध्यम जोखमीला अ‍ॅपोबी १०० च्या खाली, जास्त जोखमीला ८० च्या आणि अतिजोखमीला ६५ च्या खाली हवं. या तपासणीसाठी उपाशी राहायची गरज नाही.

मधुमेह, सुटलेलं पोट किंवा चढे ट्रायग्लिसराइड्स असतील तर अ‍ॅपोबी जरूर करा. बाकीच्यांचं काम बहुतेकदा नॉन-एचडीएलवर भागतं. अ‍ॅपोबी हाती असताना कणांच्या आकाराची वेगळी तपासणी करणं म्हणजे पैसे उडवणं.

लायपोप्रोटीन-ए पुन्हा पुन्हा तपासणे

हा एलडीएलसारखाच, धमन्यांना धोका देणारा कण. याची पातळी मुख्यतः अनुवंशिकतेने ठरते. प्रौढपणी एकदा मोजली की बहुतेकांना पुरते. तरी लोक सहा महिने पथ्य पाळून ‘उतरलं का’ बघायला जातात. पथ्याने ते जवळजवळ हलत नाही, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीनेही उतरत नाही.

त्याहून मोठा गोंधळ एककांचा. एका लॅबचा आकडा ४२, दुसऱ्या लॅबचा १०५. अडीचपट वाढ झाली म्हणून धावपळ सुरू! पहिला असतो मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, दुसरा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. प्रत्यक्षात दोन्ही आसपासचेच. या रेणूचा आकार माणसागणिक बदलतो, त्यामुळे ठरावीक आकड्याने गुणून अचूक रूपांतर होत नाही. आधी एकक वाचा, मग घाबरा. जोखीम वाढवणारी पातळी साधारण ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोल धरतात. ती ओलांडली असेल तर भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्या, आणि एलडीएल, रक्तदाब, तंबाखू यांवर जास्त कडक व्हा. हातात तेवढंच आहे.

बाकीच्या, थोडक्यात

सर्दी-ताप असताना एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) करू नका. आकडा १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेला तर दोन-तीन आठवड्यांनी, बरं वाटत असताना पुन्हा करा.

एचडीएल औषधाने चढवलं म्हणजे हृदय वाचलं असं नाही. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने ते भरपूर वाढलं होतं, पण मृत्यूही वाढले आणि २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

‘खरा आकडा कळावा’ म्हणून तपासणीआधी स्टॅटिन बंद करणारे शहाणे असतातच. गोळी चालू ठेवूनच तपासा, सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी. तिच्याऐवजी ‘नैसर्गिक’ म्हणून लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, त्यातलं मोनॅकोलिन-के म्हणजे लोव्हास्टॅटिनच, फक्त मात्रेचा भरवसा नाही.

स्टॅटिन चालू असताना कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा स्कॅनवरचा आकडा) वाढू शकतो, कारण मऊ साठे घट्ट होतात. औषधाचा गुण आला का, हे त्यावरून ठरवू नका.

आणि पंचाहत्तरीनंतर औषधात काही बदल नसताना एलडीएल आपोआप उतरलं, तर आनंद मानण्याआधी वजन, भूक, थायरॉइड आणि यकृत बघून घ्या.