मीपणाकडून देवाकडे: रात्रीची पंधरा मिनिटे आणि एक वही

मीपणा सोडायचा असे मनाशी ठरवले की पहिली चूक तिथेच होते. माणूस स्वतःकडे आणखी निरखून पाहू लागतो. 'मी किती गर्विष्ठ, मी किती वाईट' हेही 'मी'चेच पारायण. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, प्रार्थनेत देवाचे आभार मानतो खरा, पण उपास त्याचा, दशांश (उत्पन्नाचा देवाला दिलेला दहावा भाग) त्याचा. देवाला करण्यासारखे काही उरतच नाही. त्याच वेळी प्रार्थना करणारा जकातदार, लोकांच्या लेखी पापी असलेला करवसुलीवाला, एवढेच म्हणतो, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' इथे जे करायचे ते देवाने करायचे आहे. बायबलच्या नव्या करारात पश्चात्तापासाठी येणारा ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणे. हळहळ त्यात येते, पण नुसत्या हळहळीने माणूस जागचा हलत नाही.

रोज थोडे थोडे वळायला शिकवणारी एक जुनी, कसाला लागलेली रीत आहे. १५२१ मध्ये पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेले स्पेनमधले सैनिक इग्नेशियस लोयोला पुढे मानरेसा गावी राहिले आणि तिथे त्यांनी आपली आध्यात्मिक साधना लिहून काढायला घेतली. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये तिला मान्यता दिली. तिच्यातले रोजचे आत्मपरीक्षण म्हणजे एक्झामेन. रीत कॅथलिक असली तरी प्रोटेस्टंट घरातही ते जसेच्या तसे करता येते.

वेळ रात्रीच्या जेवणानंतरची ठेवा. अंथरुणावर बसू नका, झोप लागते. फोन दुसऱ्या खोलीत. पायऱ्या पाच, आणि त्यांचा क्रम मोडायचा नाही.

पहिली तीन मिनिटे आभार. 'कुटुंबासाठी, आरोग्यासाठी' असे मोघम नको. आजचेच, नाव घेऊन: ताप उतरला, शेजारच्या काकूंनी न सांगता डबा आणून दिला. आभार पहिले का? दोषांपासून सुरुवात केली की नजर पुन्हा स्वतःवर खिळते. मिळालेल्या गोष्टींपासून केली की ती देणाऱ्याकडे जाते. मग एक मिनिट प्रकाश मागा. बायबलमधल्या स्तोत्र १३९ च्या शेवटी स्तोत्रकर्ता देवालाच आपली झडती घ्यायला सांगतो, तेच आपण मागायचे. झडती घेणारे आपण नव्हे.

पुढची सहा मिनिटे दिवसाची. सकाळपासून तासातासाने या. आधी विचार, मग शब्द, मग कृती. मीपणा बहुतेक वेळा फार लहान जागी सापडतो. चर्चच्या मंडळीच्या सभेत वर्गणीचा हिशेब दुसऱ्याने मांडला, टाळ्या त्याला मिळाल्या आणि आपण खाली पाहत कागद सारखे करत बसलो. तो क्षण पकडा. 'मी मत्सरी आहे' असा निकाल लिहू नका. कागद सारखे करणारे ते हात देवापुढे ठेवा.

चौथी पायरी क्षमा मागण्याची, तीन मिनिटे. कोणाला दुखावले असेल तर देवाशी बोलून काम संपत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू वेदीपुढचे अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. त्या माणसाचे नाव वहीत लिहा आणि उद्या कधी भेटायचे तेही. कॅथलिकांनी गंभीर पाप असेल तर कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापाची कबुली द्यायला, जावे. शेवटची दोन मिनिटे उद्याची: एकच ठराव, जागा आणि वेळ धरून. 'नम्र होईन' हा ठराव नव्हे. 'दहाच्या सभेत दुसऱ्याचे बोलणे पुरे झाल्याशिवाय तोंड उघडणार नाही' हा ठराव. मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणून उठा.

याच्या जोडीला एका दोषाची वही. एका वेळी एकच दोष घ्या, उदाहरणार्थ दुसऱ्याचे बोलणे तोडणे. सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करा. आठवड्याच्या सात दिवसांसाठी दोन-दोन रेघा ओढा; वरची दुपारच्या जेवणापर्यंतची, खालची रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके. घसरलात त्याच क्षणी हात छातीवर ठेवा. चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री खालची रेघ वरच्या रेघेशी ताडून पाहा, मग आज कालशी, हा आठवडा मागच्याशी. सुरुवातीला ठिपके वाढतात. दोष वाढलेला नसतो, तो दिसू लागलेला असतो.

वही बिघडते ती दोन प्रकारांनी. ठिपके कमी झाल्याचा अभिमान वाटू लागला तर वही आठ दिवस बंद करा, नुसते आभार माना. उलट, प्रत्येक ठिपक्याने जीव घाबरू लागला, क्षमा मागूनही तेच ते पाप पुन्हा पुन्हा उगाळले जाऊ लागले, तर एकट्याने पुढे जाऊ नका. आपल्या चर्चच्या पाळकांना किंवा धर्मगुरूंना वही दाखवा आणि ते म्हणतील तितकेच करा.

आणि मन कोरडे पडते तेव्हा. प्रार्थना भिंतीवर आपटून परत येते, पाचव्या मिनिटाला उठावेसे वाटते. इग्नेशियस यांचा सल्ला इथे अगदी नेमका आहे: अशा वेळी आधी केलेला निश्चय बदलू नये आणि ठरलेल्या वेळेपेक्षा थोडे जास्तच बसावे. म्हणजे त्या रात्री पंधराची सोळा मिनिटे करा, आणि मगच दिवा मालवा.